माहेरून दगड

माहेराहून येताना बायका पापड आणतात, कुरडया आणतात, शेंगदाण्याची चटणी, घरची ज्वारी-बाजरी आणतात. मी दगड आणते. गाडीची डिकी उघडली की नवरा आता काही बोलत नाही, मागची चाकं किती दबलीत ते फक्त वाकून बघतो आणि आत निघून जातो. सोसायटीच्या वॉचमनकाकांना पहिली दोन वर्षं वाटत होतं की आमच्या फ्लॅटमधे कायमच काहीतरी तोडफोड चालू आहे.

तर हे सगळं सुरू झालं एका जेसीबीमुळे. माझं माहेर राहुरी तालुक्यात, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच येतं). मी सहावीत असताना आप्पांनी मळ्यात विहीर खोदली, यारी (खालची दगडमाती वर ओढायची क्रेन) लावून, सुरुंग उडवून, आणि त्यातून निघालेल्या दगडमातीचा ढीग तेव्हापासून विहिरीशेजारी तसाच पडून होता. त्यावर घाणेरी माजली, दोन बोरी उगवल्या, एका साली मुंगसाने पिल्लं घातली. आम्ही पोरं त्याला डोंगर म्हणायचो. पाच-सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाला वस्तीचा रस्ता नीट करायचा होता, पावसाळ्यात उसाची ट्रॉली रुतायची, तर तो म्हणाला ताई हा ढीग उचलतो आता, फुकटचा मुरूम आहे. मी दिवाळीला गेलेच होते. चहाचा कप घेऊन बांधावर उभी राहून बघत होते, जेसीबीने ढिगाचा एक मोठा लचका तोडला, आतली बाजू चाकूने कापलेल्या केकसारखी उभी उघडी पडली आणि उन्हात तिथे ठिकठिकाणी काहीतरी लखलखलं.

मी कप टाकून पळाले. खरंच टाकून, वहिनीच्या सेटमधला कप होता तो, अजून ऐकवते.

चमकत होत्या त्या गारगोट्या. म्हणजे आमच्याकडे चमकणाऱ्या कुठल्याही दगडाला गारगोटीच म्हणतात, लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आत पिवळट उजेड पाडायचा आणि तो जळका वास हुंगायचा हा आमचा ठरलेला खेळ. पण या ढिगातल्या सगळ्या त्यातल्या नव्हत्या. काही पांढऱ्या सुया, काही फिक्या पीचच्या रंगाच्या पाकळ्या, काही काचेसारखे चौकोनी ठोकळे, आणि सगळं काळ्या भोकाभोकाच्या दगडात बसवलेलं. भाऊ म्हणाला, "ताई, घे काय घ्यायचं ते, पण जेसीबीचं तासाचं भाडं चालू आहे."

त्या दिवशी नशिबाने मिस्त्रीमामा आले होते. हीच विहीर त्यांनी खोदलेली, आता सत्तरी ओलांडलेली, कुठे खोदकाम चाललंय म्हटलं की यायचेच बघायला. मी त्यांना विचारलं मामा ह्या गारगोट्या विहिरीत कुठे लागल्या होत्या, वर का खाली? त्यांनी ढिगाकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं ही इहीरच हाय की. उपडी घातलेली. पहिलं निघालं ते तळाला, शेवटाला निघालं ते वर."

मी आत्तापर्यंत वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे वाक्य मला जास्त कामाला आलं. ढिगाच्या तळाशी काळी माती आणि चुनखडीचे खडे, त्यावर पिवळट तपकिरी मुरूम, त्यावर हा भोकाभोकाचा दगड, आणि सगळ्यात वर, घाणेरीच्या मुळांखाली, निबर काळे धोंडे. विहिरीत हाच क्रम वरून खाली. अर्थात यारी काही आखून ढीग घालत नाही, बरंच इकडचं तिकडे घरंगळलेलं असतं, पण मोटामोटी जुळत होतं. मामा एकेका थरावर काठी टेकवत गेले. मुरूम दोन परस. मग मांजऱ्या, म्हणजे हाच भोकाभोकाचा दगड. मग पाषाण, "त्यानं लई दम काढला, रोज सुरुंग, तरी हातभर". मग परत थोडा मांजऱ्या आणि तिथे पाणी. (परस म्हणजे माणसाच्या उंचीचं माप, आता ही उंची हात वर केलेल्या माणसाची धरायची का साध्या उभ्या माणसाची यावर मामा आणि आप्पांचा तीस वर्षं वाद होता कारण मजुरी परसावर ठरलेली.)

आता हे शाळेच्या भाषेत सांगायचं तर, भूगोलात आपण सगळेच शिकलो की महाराष्ट्र पठार बेसॉल्ट खडकाचं बनलंय. एका मार्काचा प्रश्न. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, एकावर एक थर, आजही त्यातला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग शिल्लक आहे. याला दख्खन ट्रॅप म्हणतात, ट्रॅप हा शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय आणि सह्याद्रीकडे नुसतं बघितलं तरी कळतं का ते, डोंगर पायऱ्यापायऱ्यांचेच आहेत. पण मला शाळेत कोणी हे सांगितलं नव्हतं की या प्रत्येक थराला स्वतःचं डोकं, पोट आणि पाय असतात. लाव्हा वाहतो तेव्हा त्यात वायू असतो, सोडा वॉटरसारखा, तो वर चढतो आणि वरचा भाग थिजताना बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून थराचा माथा भोकाभोकाचा. मधला भाग सावकाश गार होतो, तो निबर, एकसंध. तळाला कधीकधी बोटासारख्या उभ्या नळ्या असतात, खालून वाफ वर घुसल्याच्या. म्हणजे मामांचा मांजऱ्या हे थराचं डोकं आणि मामांचा पाषाण हे पोट. आणि मुरूम म्हणजे तोच दगड, पावसापाण्याने कुजलेला. दोन लाव्ह्यांच्या मधे पुष्कळदा तांबड्या मातकट दगडाचा पट्टा असतो, पुण्याहून कोकणात उतरताना घाटातल्या कड्यांमधे लक्ष ठेवा, विटकरी रेघ दिसते मधेच, तो. एक थर थंड झाल्यावर त्याचा वरचा भाग उघड्यावर पडून झिजला, त्याची माती झाली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली असं साधारण त्याचं स्पष्टीकरण देतात. मामा त्याला गेरू म्हणतात. आमच्या विहिरीत तो लागला नव्हता, म्हणजे आमची अख्खी विहीर वरच्या एक-दोन थरांतच संपली.

आणि पाणी का मांजऱ्यात लागतं तेही मग कळलं. निबर पाषाणात पाणी राहायला जागाच नाही, फटी असतील तेवढंच. कुजलेल्या, भोकाच्या, तडकलेल्या दगडातच पाझर. पाणी शोधणारा पाणाड्या नारळ हातावर ठेवून जागा दाखवतो त्यापेक्षा शेजारच्या चार विहिरींचे ढीग बघून आले तर बरं असं मी एकदा भावाला म्हटलं, त्याने नारळही आणला आणि ढीगही बघितले, असो.

त्या दिवशी मी दोन पोती भरली आणि पुण्याला येऊन सगळ्यात मोठी चूक केली. सगळे दगड बाल्कनीत ओतले. रंगाप्रमाणे लावले, सुंदर दिसत होते, आणि आठ दिवसांनी मला एकाही दगडाचं सांगता येईना की हा ढिगात वर होता का तळाला. म्हणजे विहीर मी परत एकदा उपडी करून ढवळली होती. पुढच्या खेपेला परत पहिल्यापासून. आता माझी पद्धत अशी की दगड उचलायच्या आधी मोबाईलवर फोटो, मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर पेनने लिहायचं, घरी आल्यावर दगडाच्या कुरूप बाजूला व्हाइटनरचा ठिपका आणि त्यावर बारीक नंबर, तोच नंबर रजिस्टरमधे. नोंद अशी: "क्र. १४. मांजऱ्या, लहान भोकं, निम्मी भरलेली. ढिगाच्या तळापासून कमरेएवढ्या उंचीवर. मामा म्हणतात चौथा परस. भोकांत हिरवट अस्तर, आत पांढऱ्या सुया." दगड ठेवायला अंड्यांचे ट्रे, किराणावाला फुकट देतो.

या भोकांतला माल कुठून आला हा प्रश्न मला पहिल्यांदा मुलीने विचारला. मला वाटत होतं लाव्ह्याबरोबरच आला असणार. नाही. लाव्हा गार झाला, भोकं रिकामी राहिली, नंतर कोमट-गरम पाणी त्या दगडातून फिरत राहिलं, दगडातलाच चुना, सिलिका, अ‍ॅल्युमिनियम विरघळवून घेऊन ते भोकांत साठलं आणि तिथे सावकाश स्फटिक वाढले. एकाच भोकात दोन-तीन वेळा वेगवेगळं काही वाढलेलं असतं, म्हणून आधी हिरवट अस्तर, त्यावर सुया, सुयांवर एखादा ठोकळा असा क्रम दिसतो. जो वर बसलाय तो नंतरचा, बसमधल्या मांडीवरच्या पोरासारखं, साधा हिशोब आहे.

ओळखायला लॅब वगैरे काही लागत नाही. पीच रंगाची, मधे बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखी दिसणारी आणि मोत्यासारखी चकाकणारी ती स्टिल्बाइट. काचेसारखे चौकोनी, वर टोक असलेले ठोकळे, अ‍ॅपोफिलाइट. पांढऱ्या सुयांचा झुपका बहुतेक वेळा स्कोलेसाइट, पण सुयावाल्यांची बरीच भावंडं आहेत आणि ती नुसत्या डोळ्यांनी मलाही ओळखू येत नाहीत. कॅल्साइट फोडलं की दर वेळी शंकरपाळ्याच्याच आकारात फुटतं, अगदी बारीक तुकडासुद्धा शंकरपाळंच. त्याची पूड करून लिंबू पिळलं की फसफसतं, तळाच्या चुनखडीचंही तेच. आणि ज्याने काचेवर सरळ ओरखडा उठतो ती खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, मोह्सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७, बाकीची मंडळी ३ ते साडेपाचच्या मधे, सुरीने ओरखडतात. माझ्या "हिऱ्यां"पैकी निम्मे सुरीनेच उतरवले.

स्टिल्बाइटची एक गंमत करून बघाच. हरभऱ्याएवढा तुकडा मुलीच्या सायन्स किटमधल्या परीक्षानळीत टाकला आणि मेणबत्तीवर धरला (चिमट्याने, चष्मा घालून, आणि नळीचं तोंड कोणाच्या तोंडाकडे न धरता). थोड्या वेळात तो पांढरा पडून फुलायला लागला, लाहीसारखा पदर सुटला, आणि नळीच्या वरच्या गार भागात आतून दव साठलं. कोरड्या दगडातून पाणी! या कुटुंबाचं नाव झिओलाइट, ग्रीकमधे उकळणारा दगड, क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने १७५६ मधे असाच दगड तापवून हे नाव ठेवलं. मुलगी म्हणाली मामाच्या विहिरीचं पाणी. मी तिला सुधारायला गेले नाही. आणि परवा कृषी सेवा केंद्रात भाऊ शेततळ्यातल्या माशांसाठी झिओलाइटची पिशवी पैसे देऊन घेत होता तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तो म्हणाला, तुझं कुटून देतेस का मग?

आता माझा गुन्हा. ढिगातला सगळ्यात देखणा पीस, स्कोलेसाइटच्या सुया, वीतभर झुपका, एकाच बिंदूतून सगळीकडे पसरलेल्या, आणि मधे मधे कॅल्साइटचे मळकट खडे अडकलेले. ते खडे मला खुपत होते. कॅल्साइट अ‍ॅसिडमधे विरघळतं हे वाचलं होतं, म्हणून दारावर येणाऱ्याकडून बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड घेतलं आणि बादलीत दगड घालून रात्रभर बाल्कनीत ठेवला. रात्री मस्त फसफस ऐकू आली, खूश झाले. सकाळी बघते तर कॅल्साइट गेलंच होतं पण सुयांच्या जागी भाताच्या पेजेसारखा चिकट बुळबुळीत थर. बोट लावलं तर बोटाला आला. या सुयावाल्या झिओलाइटांचा अ‍ॅसिडमधे जेलीसारखा लगदा होतो, जिथे कॅल्साइटबद्दल वाचलं होतं त्याच्या पुढच्याच पानावर लिहिलेलं होतं. तो दगड मी फेकला नाही, क्र. ३, रजिस्टरमधे लिहिलंय "मी मारला". आता साधं पाणी आणि फार तर मऊ ब्रश, सुयांना तेवढाही नाही. कापसाच्या गोळ्यासारखा दिसणारा ओकेनाइट मिळाला कधी तर त्याला पाणीसुद्धा लावू नका, केस चिकटून बसतात ते परत उभे राहत नाहीत.

ढिगाची बातमी फुटल्यावर एक जण मोटरसायकलवर आला होता, स्फटिक विकत घेणारा. वाईट माणूस नव्हता, माहिती खूप. त्यानेच सांगितलं की राहुरीजवळ मोमीन आखाड्याला २००१ मधे एका विहिरीत हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचे गोळे निघाले आणि परदेशात त्यांना डिस्को बॉल म्हणून नाव पडलं. डिस्को बॉल! आमच्या पंचक्रोशीत तेव्हा डिस्को म्हणजे गणपतीची मिरवणूक. वाघोलीच्या खाणीतल्या कॅव्हनसाइटचंही तसंच, शाईच्या निळ्या रंगाची बोंडं पांढऱ्या स्टिल्बाइटवर, कॅल्शियम-व्हॅनेडियम-सिलिकॉन यांची पहिली अक्षरं जुळवून नाव केलंय, पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ओरेगॉनला पण जगभरातले देखणे नमुने वाघोलीचे. पुण्यातल्या पाषाणच्या टेकडीवरच्या खाणीतही एकेकाळी हिरवं अ‍ॅपोफिलाइट निघायचं. उपनगराचं नावच पाषाण आणि तिथे राहणाऱ्या माझ्या नणंदेला याची गंधवार्ता नाही. हे सगळं एका ठिकाणी बघायचं तर सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, के. सी. पांडे यांनी उभं केलेलं, शिर्डीला जाताना वाकडी वाट करा, मी तीनदा गेलेय आणि तिसऱ्यांदा घरचे बाहेर उसाचा रस पीत बसले.

पण तो मोटरसायकलवाला माझे दगड बघून म्हणाला, "ताई, खालचा काळा दगड तोडून टाका, वजन वाढतं, वरचं फूल तेवढं ठेवा." आणि लेबलवर त्याच्याकडे फक्त "नगर" लिहितात. तिथेच आमचं फाटलं. फूल देखणं आहे, मान्य. पण ते भोक कुठल्या थरातलं, डोक्यातलं का पायातलं, भोकं गोल का चपटी हे तो काळा दगडच सांगणार ना. कपाटात पुढे मांडलेत ते सगळे देखणे, पण मला माझा तालुका शिकवला तो मागच्या ट्रेमधल्या रूप नसलेल्या, नंबर लावलेल्या, मुरमाच्या खड्यांनी. तीन मैलांवरच्या दुसऱ्या विहिरीचा ढीग बघितला तेव्हा तिथे पाषाण लवकर लागलेला आणि मांजऱ्या जाड, आणि हे मला वहीत बघून तिथल्या तिथे सांगता आलं, त्या मळ्याच्या मालकाने मला पाणाडी समजून चहा पाजला.

अर्थात महाराष्ट्र म्हणजे नुसता काळा दगड नाही. ऑफिसातली एक मैत्रीण भंडाऱ्याची, तिने एकदा निळसर चपट्या काड्यांचा तुकडा आणून दिला, कायनाइट. सुरीने लांबीच्या दिशेने ओरखडतो, आडव्या दिशेने सुरी नुसती घसरते. एकाच दगडाचे दोन स्वभाव. तिकडचे खडक आपल्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने. एवढं बोलून थांबते कारण भंडारा मी पाहिलेलं नाही.

आणि हो, हातोडा घेऊन कुठेही सुटू नका. लेणी, किल्ले, जंगल इथे अजिबात नाही. चालू खाणीत मालकाला विचारल्याशिवाय नाही आणि सुरुंगाच्या वेळेला तर कधीच नाही. विहिरीचे ढीग मात्र गावोगाव पडलेत, मालकाला राम राम करायचा, तो हसतो आणि न्या म्हणतो.

मागच्या एप्रिलमधे भावाने बोअर घ्यायचं ठरवलं. मी रजा टाकून गेले. गाडी तमिळनाडूची, पोरांना हिंदी जेमतेम, मी दर वीस फुटांना घमेलं पुढे करून वर उडणारी भुकटी मागत होते, त्यांना वाटलं बाईची अंगठी पडलीय. पहिल्या दोन पुड्या तपकिरी, मग राखाडी, मग राखाडीत पांढरे कण म्हणजे मांजऱ्या, मग परत काळी राख. २६० फुटांना रंग एकदम बदलला, तांबडा चिखल. संध्याकाळी पुड्या घेऊन मिस्त्रीमामांकडे गेले, आता त्यांना नीट दिसत नाही, त्यांनी तेरा नंबरची पुडी उघडून चिमूट बोटांत चोळली आणि म्हणाले, "गेरू. हितं एक संपली, खाली दुसरी."

बोअर ३४० फुटांवर थांबवलं. पाणी नाही, नुसता फुफाटा. भाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही, मीही माझ्या सतरा पुड्या गुपचूप वहिनीच्या कपाटात ठेवून पुण्याला आले, त्या वेळी त्या मिरवायची सोय नव्हती. या दिवाळीनंतर आणायला गेले तर सोळाच. वहिनीला विचारलं तर तिने अंगणाकडे हात केला. तुळशीच्या लग्नाला वृंदावन रंगवायला गेरू आणायचा राहिला होता, बाजार लांब, आणि कपाटात चांगला तांबडा, वस्त्रगाळ, आयता पडलेला होता.